‘ॲडव्हान्स’ : किती, केव्हा आणि कशापोटी?

बीड : दसरा जवळ आला की बीड जिल्ह्यात एका इंग्रजी शब्दाची उलाढाल वाढू लागते. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतील वाड्या-तांड्यांवरून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघण्याच्या तयारीला लागतात. त्याआधी मुकादम आणि मजूर यांच्यात ज्या रकमेची बोलणी होतात, तिला मजूर ‘उचल’ म्हणतात. वाहतूकदाराच्या वहीत आणि कारखान्याच्या करारात मात्र तिचेच नाव ‘ॲडव्हान्स’ असे असते. शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही हा शब्द ठाऊक आहे, आणि पदवी घेतलेला माणूसही तो अनेकदा चुकीच्या जागी लिहितो.

शहरी वाचकाचाही या शब्दाशी रोजचा संबंध येतो. सदनिका नोंदवताना, मंगल कार्यालय ठरवताना, पगारातून पैसे मागताना, प्राप्तिकर भरताना, रेल्वेचे तिकीट काढताना आणि मुलांची प्रवेश परीक्षा निवडताना तो समोर येतो. प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ थोडा बदलतो. इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांसाठी आणि कागदावर सही करण्यापूर्वी त्याचा अर्थ समजून घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी या शब्दाची ही ओळख.

उच्चार आणि उगम

मराठीत आपण ‘ॲड’वर जोर देतो. इंग्रजीत मात्र पहिले अक्षर अगदी हलके, जवळजवळ ‘अड्’ असे उच्चारले जाते आणि जोर दुसऱ्या अक्षरावर येतो. ब्रिटिश वळणाने ‘अड्व्हान्स’ आणि अमेरिकी वळणाने ‘अड्व्हॅन्स’ असा साधारण उच्चार होतो. बोलताना मराठी उच्चार केला तरी समजण्यात अडचण येत नाही. मात्र इंग्रजी बातम्या ऐकताना हा फरक ध्यानात ठेवावा.

शब्द इंग्रजीत आला तो जुन्या फ्रेंच भाषेतून. त्याचे मूळ उत्तरकालीन लॅटिनमधील ‘अबान्ते’ या शब्दात आहे आणि त्याचा अर्थ ‘पुढून’, ‘समोरून’ असा होतो. मूळ फ्रेंच शब्दात ‘ड’ नव्हता. सोळाव्या शतकाच्या सुमारास इंग्रज लेखकांची अशी समजूत झाली की शब्दाच्या आरंभीचा ‘अ’ हा लॅटिनमधील ‘अड्’ या उपसर्गाचा अवशेष असावा. त्या समजुतीने ‘ड’ घालण्यात आला आणि तो कायम राहिला. टेनिसच्या सामन्यात ऐकू येणारा ‘ॲडव्हान्टेज’ हा शब्दही याच कुळातला असून त्यातील ‘ड’ही असाच मागाहून आला आहे.

‘पुढे’ या मूळ कल्पनेतून दोन अर्थ फुटले. जागेच्या दृष्टीने पुढे, म्हणजे सरकणे, प्रगती करणे. काळाच्या दृष्टीने पुढे, म्हणजे वेळेच्या आधी. या शब्दाचे बहुतेक सर्व उपयोग या दोहोंपैकी एका फांदीवर बसतात.

क्रियापद म्हणून

पहिला उपयोग पुढे सरकण्याचा. जूनमध्ये हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकात हमखास आढळणारे वाक्य असे असते : ‘द मान्सून हॅज फर्दर ॲडव्हान्स्ड इंटू सम पार्ट्स ऑफ मराठवाडा.’ मोसमी पाऊस मराठवाड्याच्या काही भागांत आणखी पुढे सरकला आहे, असा त्याचा अर्थ. पर्जन्यछायेत मोडणाऱ्या आपल्या जिल्ह्यात या एका क्रियापदाकडे किती डोळे लागलेले असतात, हे सांगायला नको. सैन्य पुढे सरकते तेव्हा आणि फलंदाज क्रीज सोडून फिरकी गोलंदाजाला खेळायला पुढे येतो तेव्हाही हेच क्रियापद चालते.

दुसरा उपयोग तारखेचा, आणि येथे गोंधळ होतो. ‘द मीटिंग हॅज बीन ॲडव्हान्स्ड बाय टू डेज’ या वाक्याचा अर्थ बैठक दोन दिवस पुढे ढकलली असा नसून ती दोन दिवस अलीकडे आणली असा आहे. मराठीत ‘पुढे’ म्हटले की नंतरचा दिवस डोळ्यांपुढे येतो, म्हणून नवशिक्याची फसगत होते. याच अर्थासाठी भारतीय इंग्रजीत ‘प्रीपोन’ हा शब्द रूढ झाला आहे आणि तो आता शब्दकोशांतही दाखल आहे. बैठक खरोखर नंतरच्या तारखेला गेली असेल तर ‘पोस्टपोन’ म्हणावे.

तिसरा उपयोग पैशांचा. ‘द कॉन्ट्रॅक्टर ॲडव्हान्स्ड हिम ट्वेंटी थाउजंड रुपीज.’ ठेकेदाराने त्याला वीस हजार रुपये आगाऊ दिले. येथे क्रियापदाला दोन कर्मे आहेत : कोणाला दिले आणि काय दिले. क्रम बदलायचा असल्यास ‘ॲडव्हान्स्ड ट्वेंटी थाउजंड रुपीज टू हिम’ असे लिहावे. ‘टू’ विसरू नये.

नाम म्हणून

नाम म्हणून वापरताना हा शब्द मोजता येतो. स्वराने सुरू होत असल्यामुळे त्याच्यामागे ‘अ’ न लावता ‘ॲन’ लावतात : ‘ही आस्क्ड फॉर ॲन ॲडव्हान्स.’ वैद्यकशास्त्रातील शोधाला ‘ॲन ॲडव्हान्स इन मेडिसिन’ म्हणतात. तेथे अर्थ प्रगतीचा असतो आणि पाठीमागे ‘इन’ येतो.

पैशांच्या अर्थाने मात्र पुढे येणारी शब्दयोगी अव्यये नीट पाहावी लागतात, कारण सगळा व्यवहार त्यांच्यातच दडलेला असतो. ‘ॲन ॲडव्हान्स ऑफ फाइव्ह थाउजंड रुपीज’ यातील ‘ऑफ’ रक्कम किती ते सांगतो. ‘ॲन ॲडव्हान्स ऑन सॅलरी’ किंवा ‘ॲन ॲडव्हान्स अगेन्स्ट वेजेस’ यातील ‘ऑन’ आणि ‘अगेन्स्ट’ ही रक्कम पुढे कशातून वळती होणार ते सांगतात. ‘अगेन्स्ट’चा शाळेत शिकवलेला अर्थ ‘विरुद्ध’ असा आहे. हिशेबाच्या भाषेत त्याला मराठीत नेमका प्रतिशब्द आहे, तो म्हणजे ‘पोटी’. मजुरीपोटी उचल, पगारापोटी आगाऊ रक्कम, पिकापोटी कर्ज. एखाद्या इंग्रजी कागदावर ‘ॲडव्हान्स ऑफ’ एवढेच लिहिलेले असेल आणि ‘अगेन्स्ट’ कोठेच नसेल, तर तो कागद अर्धाच आहे असे समजावे.

अनेकवचनात हा शब्द आणखी दोन ठिकाणी भेटतो. बँकांच्या ताळेबंदात ‘लोन्स अँड ॲडव्हान्सेस’ असे शीर्षक असते आणि ते बँकेने दिलेल्या कर्जांचे असते. दुसरे ठिकाण अगदी वेगळे आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या व्याख्येत ‘फिजिकल कॉन्टॅक्ट अँड ॲडव्हान्सेस’ असे शब्द आहेत. तेथे पैशांचा काही संबंध नाही. नको असलेली लगट, असा तेथे अर्थ आहे. तक्रार अर्जात किंवा बातमीत हा शब्द अनेकवचनी दिसला तर संदर्भ पाहूनच त्याचा अर्थ लावावा.

‘ॲडव्हान्स’ की ‘ॲडव्हान्स्ड’?

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक येथे होते. आपण सहज ‘ॲडव्हान्स कोर्स’, ‘ॲडव्हान्स टेक्नॉलॉजी’ असे बोलतो. इंग्रजीत वरच्या पायरीचा, प्रगत असा अर्थ हवा असेल तर शेवटी ‘ड’चा उच्चार असलेले ‘ॲडव्हान्स्ड’ हेच रूप लागते : ‘ॲडव्हान्स्ड कोर्स’, ‘ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी’. आयआयटीच्या प्रवेशासाठी द्यावी लागणारी परीक्षा म्हणूनच ‘जेईई ॲडव्हान्स्ड’ आहे, ‘जेईई ॲडव्हान्स’ नव्हे.

‘ड’ नसलेले ‘ॲडव्हान्स’ विशेषण म्हणून येते तेव्हा त्याचा अर्थ ‘वेळेआधीचा’ असा असतो. ‘ॲडव्हान्स बुकिंग’ म्हणजे आगाऊ नोंदणी. रेल्वेने आरक्षणाची ही आगाऊ मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली. ‘ॲडव्हान्स टॅक्स’ म्हणजे वर्ष संपण्याआधीच भरायचा प्राप्तिकर. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या त्याच्या चार हप्त्यांच्या तारखा आहेत. ‘ॲडव्हान्स एस्टिमेट्स’ म्हणजे प्रत्यक्ष आकडे हाती येण्याआधीचे अंदाज, मग ते पिकांच्या उत्पादनाचे असोत वा देशाच्या उत्पन्नाचे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिलेले ‘ॲडव्हान्स मेडिकल डायरेक्टिव्ह’ म्हणजे स्वतःच्या अखेरच्या आजारातील उपचारांविषयी आधीच लिहून ठेवलेली इच्छा.

‘ॲडव्हान्समेंट’ हे निराळे नाम आहे. बढती, उन्नती, एखाद्या कार्याला मिळालेली चालना या अर्थी ते वापरतात. आगाऊ पैशांसाठी ते कधीही वापरू नये.

‘इन ॲडव्हान्स’

हा वाक्प्रचार नवशिक्याने सर्वप्रथम आत्मसात करावा, कारण तो बहुतेक ठिकाणी बिनचूक बसतो. ‘प्लीज इन्फॉर्म मी इन ॲडव्हान्स’ म्हणजे कृपया मला आधी कळवा. ‘द रेंट इज पेएबल इन ॲडव्हान्स’ म्हणजे भाडे महिना संपण्याआधी, आरंभीच द्यावयाचे आहे. किती आधी ते सांगायचे असल्यास काळ पुढे जोडावा : ‘टू वीक्स इन ॲडव्हान्स’, दोन आठवडे आधी. अर्जाच्या शेवटी ‘थँकिंग यू इन ॲडव्हान्स’ लिहिण्याची पद्धत आहे; मात्र काम होण्यापूर्वीच आभार मानून ते गृहीत धरल्यासारखे वाटू शकते, म्हणून वरिष्ठांना लिहिताना साधे ‘थँकिंग यू’ पुरेसे आहे. ‘ॲडव्हान्स प्लॅनिंग’ असे लिहिण्याचीही गरज नसते. नियोजन हे आधीच करायचे असते.

मराठीतील भावंडे

‘ॲडव्हान्स’ला मराठीत एक प्रतिशब्द नाही, अनेक आहेत, आणि प्रत्येकाचा व्यवहार वेगळा आहे.

‘आगाऊ’ हा सर्वांत जवळचा आणि सर्वसाधारण शब्द. आगाऊ पोरगा आणि आगाऊ रक्कम यांतील अर्थ वेगळे असले तरी वेळेआधी पुढे होणे दोघांतही आहे.

‘अग्रिम’ हा शासकीय मराठीचा शब्द. सण अग्रिम, घरबांधणी अग्रिम अशा रूपात तो सरकारी कर्मचाऱ्यांच्या परिचयाचा आहे. ही रक्कम पुढे पगारातून ठरलेल्या हप्त्यांत कापून घेतली जाते.

‘तसलमात’ हा जिल्हा परिषदा आणि नगरपालिकांच्या हिशेबात अजून जिवंत असलेला जुना शब्द. एखाद्या कामाच्या खर्चासाठी कर्मचाऱ्याच्या हाती आधी दिलेली आणि पावत्या जोडून ज्याचे समायोजन करायचे, अशी ही रक्कम. ती त्या कर्मचाऱ्याच्या मालकीची नसते.

‘विसार’ किंवा ‘इसार’ हा जमीन आणि घर यांच्या खरेदीतील शब्द. इंग्रजीत याला ‘अर्नेस्ट मनी’ म्हणतात. सौदा पाळण्याची ती हमी असते. खरेदीदाराने सौदा मोडला तर करारातील अटीनुसार विसार बुडू शकतो. केवळ किमतीचा एक भाग म्हणून आधी दिलेल्या रकमेला मात्र तो नियम लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एका निकालात हा फरक स्पष्ट केला आहे. म्हणून पावतीवर ‘ॲडव्हान्स’ लिहिले आहे की ‘अर्नेस्ट मनी’, हे पाहणे घर घेणाऱ्याच्या हिताचे आहे.

‘अनामत’ म्हणजे ‘डिपॉझिट’. ती परत मिळावयाची असते; ॲडव्हान्स वळता व्हावयाचा असतो. घरमालकाला दिलेली रक्कम अनामत आहे की आगाऊ भाडे, हे लिहून न घेतल्यास घर सोडताना वाद होतो.

आणि ‘उचल’. हा शब्द कोणत्याही सरकारी परिभाषा कोशाची वाट न पाहता लोकांनी घडविला आहे. यात देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याची कृती पुढे आहे : त्याने रक्कम उचलली. उचलली म्हणजे ती कधीतरी खाली ठेवायची, फेडायची आहे, हेही त्यातच आले.

एकच शब्द, दोन दिशा

२०२३ च्या खरिपात पावसाने दीर्घ ओढ दिली तेव्हा मराठवाड्यातील वर्तमानपत्रांत ‘२५ टक्के अग्रिम’ हे शब्द अनेक आठवडे गाजत होते. हंगामाच्या मध्यावर प्रतिकूल परिस्थिती उद्भवून उत्पादनात पन्नास टक्क्यांहून अधिक घट अपेक्षित असेल, तर पुढे मिळू शकणाऱ्या पीकविमा भरपाईपैकी २५ टक्के रक्कम आधीच द्यावी, अशी पंतप्रधान पीकविमा योजनेत त्या वेळी तरतूद होती. योजनेच्या इंग्रजी मार्गदर्शिकेत या रकमेला ‘ऑन अकाउंट पेमेंट’ म्हटले आहे. लोकांनी आणि वर्तमानपत्रांनी तिला ‘अग्रिम’ केले. ही रक्कम शेतकऱ्याला त्याच्या हक्कातून, वेळेआधी मिळत होती. तिच्या बदल्यात त्याला काही करून द्यायचे नव्हते. अंतिम भरपाईतून तेवढी वजावट व्हायची, इतकेच.

दसऱ्याच्या आसपास त्याच घरात येणारी उचलही ‘ॲडव्हान्स’च असते, पण तिची दिशा उलटी आहे. ती अजून न केलेल्या कामापोटी, अजून न कमावलेल्या मजुरीपोटी येते. पहिल्या रकमेत देणारा घेणाऱ्याचे देणे लागतो. दुसऱ्या रकमेत घेणारा देणाऱ्याचा देणेकरी होतो. इंग्रजी शब्द दोन्हींना एकच नाव देतो. हा फरक शब्दकोश सांगत नाही. तो ‘कशापोटी’ या प्रश्नानेच कळतो.

उचलीचा हिशेब

ऊसतोडीत पती-पत्नीच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. उचल कोयत्यावर ठरते. साखर कारखान्याकडून रक्कम वाहतूकदाराकडे, वाहतूकदाराकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून मजुराकडे जाते. वरच्या पायऱ्यांवर करार कागदावर होतात. शेवटच्या पायरीवर पुष्कळदा तोंडी शब्द असतो, किंवा मजुराला वाचता न येणाऱ्या कागदावर त्याचा अंगठा असतो. पुष्कळ व्यवहारांत बाईच्या श्रमाचे पैसेही तिच्या नवऱ्याच्या हाती दिले जातात आणि वहीत तिचे नावही नसते.

ही उचल किती दिवसांत फिटते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यात जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढीचा समझोता झाला आणि तोडणीचा दर टनाला सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. समजा, एका कोयत्याने एक लाख रुपये उचलले आणि जोडीने दररोज दोन टन ऊस तोडला. दिवसाची मजुरी झाली ७३२ रुपये. एक लाख रुपये फिटायला १३७ दिवस लागतील. त्यात एकही खाडा धरलेला नाही. कारखान्याचा पट्टा १२० दिवसांतच पडला, म्हणजे गाळप संपले, तर मजुरी होईल ८७ हजार ८४० रुपये आणि १२ हजार १६० रुपये अंगावर राहतील. शिवाय हंगामात किराण्यासाठी आठवड्याला मिळणारी ‘खर्ची’ही याच हिशेबात चढते. आठवड्याला एक हजार रुपये धरले तरी सतरा आठवड्यांचे सतरा हजार झाले. म्हणजे साडेचार महिन्यांसाठी घर सोडलेले जोडपे सव्वाशे दिवसांच्या आत २९ हजार १६० रुपयांचे देणे घेऊन कोपीवरून परत निघेल. ही बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत मिळते आणि पुढचा हंगामही त्याच मुकादमाकडे बांधला जातो.

यातील कोणताही आकडा खोटा असण्याची गरज नाही. ॲडव्हान्स हा जादा पैसा नसून स्वतःचीच उद्याची मजुरी आहे, एवढे ध्यानात न आल्यास खरे आकडेही माणसाला अडकवतात. दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. उचल घेऊन टोळी न आल्याने वाहतूकदार कर्जबाजारी झाल्याचे आणि प्रकरण पोलिसांत गेल्याचे प्रकारही घडतात. कागद अपुरा असला की तो दोन्ही बाजूंना अपुराच पडतो.

खाड्याच्या या हिशेबात आजारपणालाही सूट नसते. जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये चव्हाट्यावर आला. राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजार ३०९ महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. या शस्त्रक्रियांची कारणे अनेक सांगितली गेली. काम बुडाले तर उचल फिटणार नाही आणि वर दंड बसेल, ही धास्ती त्या वेळच्या चर्चेत वारंवार पुढे आली.

कायद्याच्या पुस्तकातील ‘ॲडव्हान्स’

भारतीय कायद्याने या शब्दाची दखल निरनिराळ्या ठिकाणी घेतली आहे. त्यांतील तीन ठिकाणे सामान्य वाचकाला ठाऊक असावीत.

पहिले ठिकाण १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा. त्याच्या दुसऱ्या कलमातील व्याख्यांचा आरंभच ‘ॲडव्हान्स’ या शब्दाने होतो. एका व्यक्तीने, म्हणजे धनकोने, दुसऱ्या व्यक्तीला, म्हणजे ऋणकोला, रोख किंवा वस्तुरूपाने अथवा दोन्ही मिळून आधी दिलेले ते ॲडव्हान्स, असा तिचा आशय आहे. प्रत्येक उचल वेठबिगारी ठरत नाही. त्या रकमेच्या बदल्यात मजुराला विनामोबदला किंवा किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात राबावे लागत असेल, दुसरीकडे काम करण्याचे किंवा देशात कोठेही मोकळेपणाने जाण्याचे त्याचे स्वातंत्र्य जात असेल, किंवा स्वतःचा माल बाजारभावाने विकण्याचा त्याचा हक्क हिरावला जात असेल, तर मात्र ती वेठबिगारी होते. तसे ठरल्यास कर्ज फेडण्याची मजुराची जबाबदारीच संपुष्टात येते. ते कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर असतो. कायद्याच्या अंमलबजावणीचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे, जिल्हा दंडाधिकारी या नात्याने, आहेत. हरियाणातील फरिदाबादच्या दगडखाणींतील मजुरांच्या संदर्भात ‘बंधुआ मुक्ती मोर्चा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८३ मध्ये असे म्हटले की, मजुराकडून सक्तीने काम करून घेतले जाते हे दिसून आल्यास ते कोणत्या तरी ॲडव्हान्सपोटीच आहे, असे गृहीत धरले जावे.

दुसरे ठिकाण वेतनाचा कायदा. कामावर रुजू होण्यापूर्वी दिलेली आगाऊ रक्कम पूर्ण वेतनकाळाच्या पहिल्या पगारापासून वसूल करता येते. प्रवासखर्चासाठी दिलेला ॲडव्हान्स मात्र वसूल करता येत नाही, अशी तरतूद १९३६ च्या कायद्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. ऊसतोड मजुराच्या बाबतीत त्याचा मालक कोण, कारखाना, वाहतूकदार की मुकादम, हाच जुना वाद असल्याने या तरतुदीचा लाभ त्याच्यापर्यंत पोहोचणे कठीण जाते.

तिसरे ठिकाण २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजे ‘रेरा’. त्याच्या तेराव्या कलमानुसार लेखी विक्रीकरार करून त्याची नोंदणी केल्याशिवाय विकासकाला सदनिकेच्या किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम ‘ॲडव्हान्स पेमेंट’ किंवा अर्जशुल्क म्हणून घेता येत नाही. पन्नास लाखांच्या सदनिकेसाठी ही मर्यादा पाच लाखांची होते. त्याहून अधिक रकमेचा धनादेश मागितला गेल्यास आधी करार मागावा.

सहीपूर्वी पाहावयाच्या गोष्टी

कागद इंग्रजीत असो वा मराठीत, ‘ॲडव्हान्स’ हा शब्द दिसताच पुढील गोष्टी त्याच कागदावर लिहिलेल्या आहेत का, ते पाहावे.

रक्कम किती आहे, आणि ती आकड्यांबरोबरच अक्षरांतही लिहिली आहे का? रक्कम कशापोटी आहे : मजुरी, पगार, भाडे, घराची किंमत की विसार? ती कशा रीतीने वळती होणार : एकरकमी की हप्त्यांनी, कोणत्या दराने? काम बंद पडले, माणूस आजारी पडला किंवा हंगाम लवकर संपला तर उरलेल्या रकमेचे काय? व्यवहार मोडला तर रक्कम परत मिळणार की बुडणार? घेणाऱ्याच्या हाती कागदाची एक प्रत आहे का? आणि कामात दोघांचे श्रम असतील तर दोघांची नावे आहेत का?

यांपैकी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर कागदावर नसेल, तर शब्दकोशातील अर्थ त्या ठिकाणी उपयोगी पडत नाही; ज्याच्या हाती वही आहे त्याचा अर्थ चालतो.

थोडक्यात उजळणी

पुढे सरकणे : ‘ॲडव्हान्स’, क्रियापद. तारीख अलीकडे आणणे : तेच क्रियापद, पुढे ‘बाय’ किंवा ‘टू’. प्रगत : ‘ॲडव्हान्स्ड’, शेवटी ‘ड’. वेळेआधीचा : ‘ॲडव्हान्स’, ‘ड’ नाही. आधी, अगोदर : ‘इन ॲडव्हान्स’. बढती, उन्नती : ‘ॲडव्हान्समेंट’. नको असलेली लगट : ‘ॲडव्हान्सेस’, अनेकवचनी. आगाऊ रक्कम : ‘ॲन ॲडव्हान्स’, पुढे ‘ऑफ’ लावून किती ते, आणि ‘अगेन्स्ट’ लावून कशापोटी ते.

शेवटचे ‘अगेन्स्ट’ पाठ्यपुस्तकात बहुधा सापडत नाही आणि बोलण्यातही गाळले जाते. ऊसतोडीला निघणाऱ्या आई-बापांच्या घरात पहिल्यांदाच इंग्रजी शिकणारी मुले आज जिल्ह्याच्या अनेक शाळांत आहेत. या हंगामात मुकादमाचा कागद घरी आला, तर त्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवावा आणि हा एक शब्द त्यावर आहे का, एवढे पाहावे.